गंजलेला बोल्ट: आधी तेल, मग पाना

जुनी गाडी खोलायला घेतलीस, छान केलंस! फक्त गंजलेल्या बोल्टवर पान्याला पाइप लावून जोर लावू नकोस. नवशिक्यांचे बोल्ट तुटतात ते इथेच.

तारेच्या ब्रशने गंज काढ, पेनिट्रेटिंग ऑइल (फटीत झिरपणारं पातळ तेल) मार, रात्रभर मुरू दे. सकाळी बोल्टच्या डोक्यावर हातोडीने सरळ, बेताचे ठोके दे. गंजाची पकड ढिली होते. सॉकेट (बोल्टच्या डोक्यावर टोपीसारखा बसणारा पाना) सहा कोनीच घे, बारा कोनीने डोकं लवकर गोल होतं. आधी किंचित आवळ, मग सोडव. फिरता फिरता जड लागला की थांब. पुन्हा तेल, पुन्हा मागेपुढे. घाई नकोच.

बोल्ट अ‍ॅल्युमिनियमच्या केसिंगमध्ये (इंजिनाच्या बाहेरच्या कवचात) अडकला असेल तर हीट गनने (गरम हवा फेकणाऱ्या यंत्राने) केसिंग तापव. अ‍ॅल्युमिनियम बोल्टच्या पोलादापेक्षा जास्त फुगतं. पेट्रोलची टाकी आणि कार्बोरेटर मात्र त्याआधी उतरवून लांब ठेव.

एक्स्ट्रॅक्टर (तुटलेला बोल्ट काढायचं हत्यार), वेल्डिंग यांच्या वाटेला सध्या जाऊ नकोस.