गरीब वस्तीतल्या मधुमेही रुग्णांसाठी ॲप काढायचं आहे, त्यात काय काय असावं? एआयही घालावं का?

तुमचा हेतू चांगला आहे, पण ॲप सध्या बाजूला ठेवा असंच मी सुचवेन. साध्या मेसेजपासून सुरुवात करा. आणि त्याहीआधी, रुग्णाने उलट मेसेज केला तर तो कोण वाचणार, हे ठरवा.

मी अशा कार्यक्रमांसाठी मेसेज आणि व्हॉइस कॉलचा मजकूर लिहिते, म्हणजे मेसेजची बाजू मी घेणारच. पण पुरावेही बघा. भारतात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३७ नोकरदार पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. आहार-व्यायामाचे मेसेज मिळणाऱ्यांपैकी १८ टक्क्यांना दोन वर्षांत मधुमेह झाला, न मिळणाऱ्यांपैकी २७ टक्क्यांना. (बायका त्यात नव्हत्याच.) अमेरिकेत सॅन दिएगोच्या भागात कमी उत्पन्नाच्या हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) रुग्णांसाठी 'डुल्से डिजिटल' हा प्रयोग झाला. तिथे सहा महिन्यांत सरासरी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारा रक्ततपासणीचा आकडा) ९.५ वरून ८.५ टक्क्यांवर आलं, नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचं जेमतेम हललं. याउलट लॉस एंजेलिसच्या एका चाचणीत दिवसाला दोन मेसेज जायचे, पण एकतर्फी. गोळ्या घेण्यात नियमितपणा आला, मात्र एचबीएवनसीतला फरक ठाम म्हणावा इतका निघाला नाही. दोन्हीकडचे रुग्ण वेगळे, त्यामुळे थेट तुलना करता येत नाही. तरी डुल्सेमध्ये रुग्ण आपली शुगर मेसेजने कळवत आणि आकडा फार वर किंवा खाली असला की कर्मचारी कारण विचारत. मला तरी खरी मेख तिथे दिसते.

आता एक धोका सांगते, जो ॲप बनवणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. 'गोळी घ्या' ही आठवण निरुपद्रवी वाटते. पण महिनाअखेरीला घरात पुरेसं खायला नसेल, आणि त्या माणसाला इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर उपाशीपोटी औषध घेऊन शुगर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची दुसरी गोळी; नुसत्या तिने असं क्वचितच होतं. म्हणून सगळ्यांना एकच मेसेज पाठवू नका. कोणाला कोणतं औषध चालू आहे हे आधी नोंदवा आणि 'आज जेवण झालं का?' हा प्रश्न आठवणीच्या आधी येऊ द्या. 'नाही' असं उत्तर आलं तर पुढे काय सांगायचं, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. तो मजकूर तुम्हीही लिहू नका आणि मीही लिहिणार नाही.

फोन बहुतेकदा घरात सामायिक असतो, नंबर बदलतात, डेटा संपतो. त्यामुळे वाचता न येणाऱ्यांसाठी व्हॉइस कॉल ठेवा आणि मेसेजमध्ये आजाराचं नाव घालण्याआधी रुग्णाची परवानगी घ्या. घरच्यांपासून मधुमेह लपवणारे कमी नाहीत.

एआयबद्दलही विचारलंय. डोळ्याच्या पडद्याचा फोटो पाहून मधुमेहाने झालेली इजा ओळखणारी यंत्रणा चांगली आहे. अमेरिकेत २०१८ मध्ये अशा एका यंत्रणेला मान्यताही मिळाली. पण गुगलने थायलंडच्या दवाखान्यांत हीच कल्पना वापरून पाहिली, तेव्हा पाचातला एकाहून जास्त फोटो यंत्रणेने नाकारला. खोलीत पुरेसा अंधार करता येत नव्हता, इंटरनेटही संथ होतं. फोटो नाकारला की रुग्णाला दुसरीकडे, दुसऱ्या दिवशी जायला सांगायचं. ज्याची रोजची मजुरी त्यात बुडते, तो जाईलच असं नाही. एआय आणायचंच असेल, तर फोटो जिथे काढतात ती खोली आधी पाहून या.

यश मोजताना डाउनलोड मोजू नका. तीन महिन्यांनी एचबीएवनसी बघा आणि पुढच्या महिन्याच्या गोळ्या किती जणांनी नेल्या ते बघा. रक्तक्षय असेल तर एचबीएवनसीचा आकडा फसवू शकतो, तिथे डॉक्टरांना विचारा.

आणि एक बटण नक्की ठेवा: दवाखान्यात औषधाचा साठा संपला की आठवणीचे मेसेज थांबवणारं. मिळतच नसलेली गोळी घ्या असं रोज सांगणारा नंबर लोक ब्लॉक करतात.