नवीन तंत्रज्ञान आलं की देश आपोआप श्रीमंत होतो का?

नाही, आपोआप होत नाही; यंत्र विकत घेता येतं, पण त्याभोवतीची कामाची पद्धत बदलायला एखादी पिढी जाते. विजेचंच बघा. न्यूयॉर्कमध्ये एडिसनचं वीजकेंद्र 1882 साली सुरू झालं, पण अमेरिकी कारखान्यांची उत्पादकता खऱ्या अर्थाने वाढली ती 1920 च्या दशकात. तोवर बऱ्याच मालकांनी वाफेचं इंजिन काढून तिथे एक मोठी मोटर बसवली होती, बस्स. सगळी यंत्रं एकत्र फिरवणारा छताखालचा लांब शाफ्ट (फिरता दांडा) आणि पट्टे तेच. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळाली, मग कामाच्या क्रमाने यंत्रं मांडता आली आणि तिथून फरक पडला. भोसरीतल्या वर्कशॉपमध्ये मी रोज हेच बघतो: सीएनसीवर (संगणकाच्या हुकमाने चालणाऱ्या यंत्रावर) जॉब, म्हणजे घडवायचा सुटा भाग, चार मिनिटांत उतरतो आणि मग मायक्रोमीटर घेऊन माप तपासायला येणाऱ्या साहेबांची वाट बघत तासभर ट्रेमध्ये पडून राहतो. (साहेब बहुधा चहाला.) माणसं घडायलाही वेळ लागतो. पुण्यात अभियांत्रिकीचं शिक्षण 1854 पासून आहे, पिंपरी-चिंचवडचा कारखानदारी पट्टा मात्र उभा राहिला 1950-60 च्या दशकांत. अर्थात त्या उशिरामागे परकी राजवट आणि भांडवलाची चणचणही होती.

एक अपवाद: गरजेच्या गोष्टी आधीच हातात असतील तर वेग वेगळा असतो. यूपीआय 2016 साली आलं आणि काही वर्षांतच मंडईतल्या भाजीवाल्या मावशींकडे क्यूआर कोड दिसू लागला, कारण मोबाईल आणि बँकेचं खातं त्यांच्याकडे आधीपासून होतंच.