तो चादर, ती चादर

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवाच मिळालं. २१ फेब्रुवारीला, आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिनी, कॉलेजात मातृभाषेवर पाच मिनिटं बोलायचंय आणि तू पहिल्याच वाक्याला अडलीयस. मातृभाषा कोणती सांगू? घरात तेलुगू, पण ती वाचता येत नाही. मराठी झोपेतही लिहिशील, पण ती घरची नाही. अगं, फॉर्मातल्या रकान्यात एकच नाव मावतं. भाषणात तशी अडचण नाही. दोन्ही सांग आणि पुढं चल.

ढाक्यात १९५२ साली बंगालीसाठी पोरं गोळ्या लागून मेली, आणि १९९९ मध्ये युनेस्कोनं हा दिवस जाहीर केला. हे एका दमात उरक. बाकीचे वक्ते तेच सांगणार आहेत.

त्यापेक्षा माझी एक चूक सांगते. नोकरीची सुरुवातीची वर्षं मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत होते. वर्गात निम्म्याहून जास्त मुलं तुझ्यासारखी, घरात माग आणि तेलुगू. पाचवीतल्या एकानं निबंधात लिहिलं, 'माझ्या वडिलांनी तो चादर विणला.' मी लाल शाईनं गोल केला आणि वर्गासमोर विचारलं, "चादर तो का रे?" पोरगं शांतपणे म्हणालं, "बाई, आमच्यात चादर बुवा पण नसतो, बाई पण नसते." वर्ग खो खो हसला. मीही हसले. त्यानं वर्षभर परत हात वर केला नाही.

तो बरोबर बोलत होता, हे मला फार उशिरा कळलं. तेलुगूत वस्तूंना स्त्री-पुरुष असा भेद नाहीच. आपल्याकडं खुर्ची ती, पलंग तो, टेबल ते, याला कारण विचारलं तर मलाही सांगता येणार नाही. तेव्हा एवढं माहीत असतं तर तो तास व्याकरणाचा सगळ्यात चांगला तास झाला असता.

आता तुझं दुसरं गाऱ्हाणं. हैदराबादची भावकी तुमच्या तेलुगूला हसते, म्हणतात मराठी मिसळलंय. मिसळणारच की! तुमची माणसं मागावर पोट भरायला तेलंगणातून इथं आली, त्याला किती पिढ्या झाल्या. आणि आपली मराठी तरी कुठं सोवळ्यात बसलीय? आमच्या शाळेच्या व्याकरणात भाकरी, तूप, अण्णा हे शब्द कानडीतून आलेले म्हणून दिलेत. शिकेकाई, अनारसा तेलुगूतून. कडक भाकरीवर आपण एवढं मिरवतो, तिचं नावसुद्धा उसनं! आपलं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, त्यांनी बाराव्या शतकात वचनं लिहिली ती कन्नडमध्ये. त्याच्याही आधीचा, शके ९४० चा म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख आपल्याच जिल्ह्यात, भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग-कुडलला आहे. आपल्या सोलापूरच्याच आनंद कुंभारांनी तो उजेडात आणला. 'वाछि तो विजेया होइवा', म्हणजे जो वाचेल तो विजयी होईल. तेव्हा इथं पाहुणं कोण आणि घरचं कोण, या वादात तू पडू नकोस.

भाषण होऊन जाईल. मला काळजी आहे ती तुझ्या अव्वांच्या, म्हणजे आजीच्या, शब्दांची. त्या विड्या वळायला बसतात तेव्हा शेजारी जाऊन बस. मांडीवर सूप, पानं कापायची कात्री आणि शेजारणींशी चाललेली अखंड बडबड. मोबाईल चालू करून बाजूला ठेव. मुलाखत घेऊ नकोस, नाहीतर त्या लगेच 'शुद्ध' बोलायला लागतील. माझी अशी एक टेप त्याच पायी वाया गेली.

मागावरचे शब्द आधी टिपून घे, कारण माग बंद पडला की ते सगळ्यात आधी जातात. मागाला मग्गम्, धोट्याला नाडे. आपण कांडी म्हणतो, तिला तेलुगूत कंडे. मला तर या सख्ख्या बहिणीच वाटतात. ताणा-बाण्याला अव्वा काय म्हणतात ते त्यांच्याच तोंडून ऐक, पुस्तकातलं लिहू नकोस. सध्या देवनागरीत लिहिलंस तरी चालेल, फक्त एक सांभाळ. तेलुगूत ऱ्हस्व आणि दीर्घ ए-ओ वेगळे असतात, आपल्याकडं दोन्हींना एकच मात्रा. दीर्घ असेल तिथं वर रेघ मार, नाहीतर सहा महिन्यांनी तुझंच तुला वाचता येणार नाही.

मग लिपी शिक. रोज चार अक्षरं पुरेत. तेलुगू जमली की कन्नडही बरीचशी वाचता येते, अक्षरं इतकी सारखी आहेत. अक्कलकोटला गेलीस तर गाडीतून पाट्या वाचत बस.

मराठीकडं दुर्लक्ष कर असं मात्र मी म्हणणार नाही, माझं पोट तिच्यावर चाललंय. २७ फेब्रुवारीलाही स्टेजवर ये.

भाषण लिहिलंस की रविवारी घेऊन ये. व्याकरण मी तपासेन, पण लाल शाईनं नाही. आणि अव्वांना विचारून ये, शेंगाची चटणी उखळात कुटताना हातातल्या मुसळाला त्या काय म्हणतात. मला कधीपासून तो शब्द हवाय.

तुझी,
बाई