निरोप्या मधे नको

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

ज्याच्या जोरावर पॅनल निवडून आणलंस तो उपसरपंच आता बोलत नाही, निरोप तिसऱ्याच्या तोंडून येतात, असं लिहिलंस. त्याला बाजूला कसं सारायचं, हेही विचारलंस. त्याआधी नेहरू-पटेलांची पत्रं वाच. एकाला थोर आणि दुसऱ्याला खलनायक ठरवणारं जे मोबाइलवर फिरतं, ते नव्हे.

१९४७ च्या अखेरीस अजमेरात दंगल झाली. नेहरूंनी आपला सचिव तिकडं पाठवला. गृहखातं पटेलांचं, त्यांना ते लागलं. दुसऱ्याच्या खात्यात पंतप्रधानानं कुठवर हात घालायचा, हा खरा वाद. जानेवारीत दोघांनी आपापलं म्हणणं गांधीजींना लेखी दिलं. पद सोडायची तयारीही दोघांची होती.

३० जानेवारी १९४८ ला प्रार्थनेआधी गांधीजी पटेलांशी याच विषयावर बोलत होते. तुम्ही दोघंही सरकारात हवेत, असं त्यांनी सांगितलं. थोड्याच वेळात त्यांचा खून झाला. ३ फेब्रुवारीला नेहरूंनी पटेलांना पत्र लिहिलं. आपल्या मतभेदांबद्दल कुजबुज चालते, ते फुगवून सांगितले जातात, याचा त्रास होतो, हे त्यात स्पष्ट आहे. ५ तारखेला पटेलांनी तितक्याच मोकळेपणानं उत्तर दिलं. राजीनामा मागं पडला.

मतं मात्र एक झाली नाहीत. हैदराबादबाबत पटेलांना कारवाईची घाई होती, नेहरू वाटाघाटींना जास्त वेळ देत होते. तरी १३ सप्टेंबरला फौजा निघाल्या आणि १७ ला निजाम शरण आला. रझाकारांच्या धाकात जगणाऱ्या आपल्या गावांना तेव्हा दिल्लीतलं दुभंगलेलं सरकार परवडलं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यांचं शेवटपर्यंत जमलंच असंही नाही. काँग्रेसवर कठोर टीका करणारे बाबासाहेब पहिल्या मंत्रिमंडळात कायदामंत्री झाले, ही दोन्ही बाजूंची मोठी गोष्ट. हिंदू कोड बिल रखडलं तेव्हा १९५१ मध्ये ते बाहेर पडले, पण कारणं लेखी, जगासमोर मांडून.

म्हणून मासिक सभेच्या आधी उपसरपंचाला तू स्वतः दोन ओळी लिही आणि त्याच्या घरी जा. ग्रामसेवकाला मधे घालू नकोस. पाणीयोजनेच्या कामावर त्याची हरकत आहे की त्याला न विचारल्याचा राग, हे त्याच्याच तोंडून ऐक. नाहीच पटलं, तर त्याचा विरोध त्याच्या शब्दांत प्रोसिडिंगला नोंदवून घे आणि मग ठराव मताला टाक.

तुझे,
सर
अंबाजोगाई