बायबलच्या जुन्या करारातला सैतान म्हणजे भुतांचा राजाच का?

नाही. ईयोब या नीतिमान माणसाची कथा सांगणाऱ्या त्याच नावाच्या पुस्तकात, पहिल्या दोन अध्यायांत मूळ हिब्रूत ‘हा-सातान’ आहे. ‘हा’ हे निश्चित उपपद (इंग्रजीतल्या ‘the’सारखं), म्हणजे हे नाव नसून पद: आरोप करणारा, थोडाफार सरकारी वकिलासारखा. देवाच्या दरबारात तो हजर असतो, परवानगीशिवाय ईयोबाला हात लावत नाही. जुन्या करारातल्याच जखऱ्या या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातही तेच. उपपद गळतं 1 इतिहास 21:1 मध्ये; तिथे ते नावासारखं वाचता येतं. गंमत म्हणजे दावीद राजाने केलेल्या शिरगणतीची हीच गोष्ट 2 शमुवेल 24:1 मध्ये सांगताना चिथावणी खुद्द परमेश्वराची आहे! मराठीत उपपदच नसल्यामुळे भाषांतरात हा फरक दिसत नाही.

भुतांचा उगम निराळा. हनोखाच्या पुस्तकात (एक प्राचीन यहुदी ग्रंथ; अध्याय 15) दुरात्मे म्हणजे मेलेल्या महाकायांचे आत्मे; त्यांचे बाप स्वर्गातून उतरलेले दूत. या कल्पनेचा धागा बायबलच्या पहिल्या पुस्तकातल्या, उत्पत्ति 6:1-4 चा.