जुना पॅक्स सोडताय? फोल्डर कॉपी केलेल्या हार्डडिस्कच्या नादी लागू नका (उत्तर लांब झालंय)

ताई, तुमची पोस्ट काल ड्युटीवरच वाचली, तेव्हाच टाइप करायला घेतलं होतं पण मध्येच अॅक्सिडेंटची केस आली. तुमच्या जुन्या पॅक्सची (एक्स-रे, सीटीचे फोटो साठवून दाखवणारी सिस्टिम) एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, मार्चअखेर संपतीय, जुन्या कंपनीचे लोक म्हणतात फोल्डर हार्डडिस्कवर टाकून देतो, नव्या कंपनीचे लोक म्हणतात द्या डिस्क, आम्ही चढवून घेतो, आणि दोघंही म्हणतात टेन्शन घेऊ नका. आम्हालाही अगदी असंच सांगितलं होतं, आणि आम्ही घेतलं नाही टेन्शन, तिथंच घोळ झाला.

आधी सांगून ठेवतो, मी काही आयटीवाला नाही. मूळचा एक्स-रे टेक्निशियन, सोलापुरातल्या एका सेंटरला आहे, एक सीटी, एक एमआरआय, दोन एक्स-रे, सोनोग्राफी. कॉम्प्युटरला हात लावायला भीत नाही एवढ्या एकाच गुणावर पॅक्स माझ्या गळ्यात पडला. त्यामुळं मी सांगतोय ते आमच्या सिस्टिमचं, तुमची वेगळी असू शकते, एकदा खात्री करून घ्या. डायकॉम म्हणजे या फोटोंच्या फाईलींचा आणि त्या एका मशीनवरून दुसऱ्यावर पाठवायचा ठरलेला नमुना, हे तुम्हाला माहितीच असणार, जास्त त्यात जात नाही.

आमची चूक एका वाक्यात सांगायची तर आम्ही फाईली आणल्या, डेटाबेस (कुठली फाईल कुणाची याची पॅक्समधली नोंद) नाही आणला.

म्हणजे कसं ते सांगतो. सोलापुरात गल्लीत दोन सिद्धराम असतातच, ग्रामदैवतच सिद्धेश्वर म्हणल्यावर दुसरं काय होणार. त्यात इंग्रजीत टाकताना कुणी एक डी टाकतो कुणी दोन, कुणी एच खातो. तर एकाच दिवशी दोन सिद्धराम पोटाच्या सीटीला आले, आडनावही सारखंच, वयात तीन-चार वर्षांचा फरक. तेव्हा आमच्याकडं वर्कलिस्ट (रिसेप्शनला नोंदवलेलं नाव आपोआप मशीनवर येतं ती सोय) चालू नव्हती, सगळं कन्सोलवर हातानं टाइप. पोरानं दुसऱ्याचं नाव टाकायच्या ऐवजी सकाळचंच नाव उचललं आणि स्कॅन मारला. संध्याकाळी डॉक्टरांच्या लक्षात आलं, मी पॅक्समध्ये जाऊन ती स्टडी (म्हणजे त्या एका तपासणीचे सगळे फोटो) बरोबर पेशंटच्या नावावर वळवली, दोन मिनिटांचं काम. सगळे विसरून गेले.

पुढं आम्ही पॅक्स बदलला. जुन्यांनी दोन डिस्क दिल्या, साधारण सात टीबी, नव्यांनी चढवल्या, एकूण स्टडी मोजल्या, आकडा जवळपास जुळला, मालकांनी पेढे वाटले. आणि आठ महिन्यांनी तो सकाळचा सिद्धराम पोटात दुखतंय म्हणून परत आला. डॉक्टरांनी जुना सीटी शेजारी लावला आणि मला आत बोलावलं. म्हणाले, "हे बघ, मागच्या वेळी याची पित्ताची पिशवी काढलेली होती, क्लिपा दिसतायत. आज पिशवी जागेवर आहे. परत उगवली का रे?"

मी आधी हसलो. मग पोटात गोळा आला. तो जुना सीटी दुसऱ्या सिद्धरामचा होता, आणि त्या दुसऱ्याच्या नावावर बघितलं तर काहीच नाही, कोरं. पिशवी होती म्हणून कळलं हो, गाठ लहान झाली की मोठी एवढंच बघायचं असतं तर कुणाला कळणार होतं?

कारण काय, तर बऱ्याच पॅक्समध्ये तुम्ही नाव दुरुस्त करता ते फक्त डेटाबेसात होतं, डिस्कवरच्या फाईलच्या हेडरला (फाईलीतच पेशंटचं नाव, आयडी लिहिलेला भाग) हातही लागत नाही. मशीनवरून जे नाव आलं तेच फाईलीत बसून राहतं. स्क्रीनवर तुम्हाला दुरुस्त नाव दिसतं, कारण स्क्रीन डेटाबेस वाचते. फेरफाराच्या वहीत नोंद झाली पण सातबाऱ्यावर जुनंच नाव, तसली गत. डायकॉमनं रीतसर पाठवलं तर सर्व्हर पाठवताना दुरुस्त नाव लावून पाठवतो (निदान आमचा तरी पाठवायचा), पण फोल्डर उचलून कॉपी केला की दोन-तीन वर्षांतल्या सगळ्या चुका जशाच्या तशा ताज्या होऊन येतात. नावंच नाही, डिलीट केलेलंही. रिपीट मारलेले, हललेले एक्स-रे आम्ही काढून टाकले होते ते सगळे परत हजर. उलट डॉक्टरांनी काढलेले बाण आणि मोजमापं मात्र गेली, कारण ती त्या कंपनीनं आपल्याच पद्धतीनं डेटाबेसात ठेवलेली.

मग काय, बिलाचं रजिस्टर आणि पॅक्सची यादी समोरासमोर ठेवून चार महिने रोज संध्याकाळी मी आणि रिसेप्शनवरची एक मुलगी बसलो. अकराशेच्या वर घोळ निघाले. ओव्हरटाइम मिळाला का ते विचारू नका.

आता त्या जुन्या पॅक्स कंपनीच्या ऑफिसबद्दल. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. चूक कळल्यावर आम्ही जुन्यांना म्हणलं, सर्व्हर अजून आमच्याकडंच आहे, तुम्ही फक्त आमचा नवा सर्व्हर त्यात डेस्टिनेशन म्हणून टाका, आम्ही डायकॉमनं ओढून घेतो. यात काय भरायचं असतं? तीन गोष्टी. आयपी (सर्व्हरचा नेटवर्कवरचा पत्ता), पोर्ट (त्याच्या दाराचा नंबर) आणि एई टायटल (डायकॉममधलं सर्व्हरचं नाव), जे सोळा अक्षरांच्या वर जातच नाही. घड्याळ लावून पाच मिनिटं. पण अॅडमिनचा पासवर्ड त्यांच्याकडं. फोन केला की तिकीट टाका, तिकीट टाकलं की 48 तासांनी आपोआप बंद, खाली लिहिलेलं "इश्यू रिझॉल्व्ड". अरे कुणी केला रिझॉल्व्ह? परत फोन केला की म्हणे तुमची एएमसी नाही. एएमसी भरायला तयार झालो तर म्हणे आता मायग्रेशन चार्ज लागेल, पर स्टडी. आमच्याच पेशंटचे, आमच्याच मशीनवरचे, आमच्याच डिस्कवरचे फोटो, आणि दर नगाला पैसे. एकदा तर मी स्वतः पुण्याला त्यांच्या ऑफिसात जाऊन बसलो, चहा दिला, साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणाले, संध्याकाळच्या गाडीनं परत. पाच आठवडे गेले त्या तीन रकान्यांसाठी. करारात डेटा कुणाचा आणि सोडताना कसा द्यायचा याची एक ओळ नव्हती, ही अर्थात आमचीच चूक, सह्या करताना आम्ही फक्त किंमत वाचलेली.

तर तुम्ही काय करा (माझं मत, पटलं तर घ्या): एएमसी चालू आहे तोपर्यंतच नवीन सर्व्हरची नोंद जुन्यात करून घ्या आणि डायकॉमनंच डेटा हलवा. वेळ लागतो, तयारी ठेवा. सात टीबीला 100 एमबीपीएसच्या लाइनवर कागदावर साडेसहा दिवस येतात, आम्हाला अडीच महिने लागले, कारण दिवसा चालू ठेवलं की रिपोर्टिंग रांगायला लागायचं, म्हणून रात्रीच ओढायचो. डिस्क पण घ्या, नको म्हणत नाही, पण ती सोबत असू द्या, एकटी नको. आणि डेटाबेसचा डंपही (पूर्ण कॉपी) मागून घ्या, निदान दुरुस्त्यांची यादी तरी.

चाचणी कशी घ्यायची, इथं सगळे चुकतात. नव्या कंपनीचा माणूस छान छान दहा पेशंट उघडून दाखवतो, ते उघडणारच. तुम्ही मुद्दाम तुमच्याकडं नाव बदललेले, एकत्र केलेले, अर्धे डिलीट केलेले दहा शोधा आणि डिस्कवरची त्यांची फाईल उघडून हेडरमध्ये नाव आणि पेशंट आयडी काय दिसतोय ते बघा. रेडियंट किंवा वेसिस या डायकॉम फोटो बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये टॅग, म्हणजे हेडरमधल्या नोंदी, दिसतात. एखादा जुना पीसी पडून असेल तर त्यावर ऑर्थँक (छोटा डायकॉम सर्व्हर) टाका, बेल्जियमच्या लिएजच्या हॉस्पिटलात तयार झालेलं आहे, फुकट आहे, त्यात थोडा डेटा ओढून बघितला की नव्या कंपनीच्या आधी तुम्हालाच कळेल किती पाण्यात आहोत. मोजताना नुसत्या स्टडी मोजू नका, प्रत्येक स्टडीत इमेज किती तेही जुळवा. आमच्या काही एमआरआयमध्ये एखादी सिरीजच (स्टडीतला फोटोंचा एक गठ्ठा) गायब होती आणि स्टडीचा आकडा मात्र बरोबर.

तुमच्या पोस्टखाली एकानं लिहिलंय, सगळं जेपीजी करून ड्राइव्हवर टाका, स्वस्तात काम. दादा, राग मानू नका, पण हे करू नका. सीटीची एक स्लाइस 512 बाय 512, प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट, म्हणजे अर्धा एमबी, हजार स्लाइस म्हणजे 500 एमबी, जड वाटतं हे मान्य. पण जेपीजीत 256 छटा उरतात, सीटीत साधारण 4096 असतात. एकदा जेपीजी झालं की फुप्फुसाची विंडो (फुप्फुस नीट दिसेल अशा छटा) लावून केलेल्या फोटोत परत हाड बघता येत नाही, एचयू (सीटीतला घनतेचा आकडा) मोजता येत नाही. जागा वाचवायची तर लॉसलेस (फोटोतलं काही न गमावता होणारं) कम्प्रेशन आहे, अर्ध्याच्या आसपास येतं. डॉक्टर रात्री अपरात्री व्हॉट्सअॅपवर फिल्मचा फोटो मागतात ते घाईत ठीक, रिपोर्ट त्यावर नको.

किती वर्षं ठेवायचं विचारलंय. मी वकील नाही. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमात भरती पेशंटचे कागद तीन वर्षं, आणि पेशंटनं मागितले तर 72 तासांत द्यायचे असं आहे. सोनोग्राफीला पीसीपीएनडीटीची, म्हणजे गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्याची, दोन वर्षं वेगळी, केस चालू असेल तर ती संपेपर्यंत. पोलीस केसला हात लावू नका, ठेवून द्या. आमच्याकडं आम्ही काहीच पुसत नाही, त्या सिद्धरामनंतर हिंमतच होत नाही.

अजून एक, विषय निघालाच आहे तर. पेशंटला मोबाईलवर लिंक पाठवायची सोय नवीन कंपनी देईल, छान आहे, विजापूर-गुलबर्ग्याहून आलेल्या माणसाला सीडीसाठी परत हेलपाटा नको, तसाही आता सीडी ड्राइव्ह आहे कुणाच्या लॅपटॉपला. पण लिंकला मुदत आणि ओटीपी आहे का बघा. आमच्या आधीच्या सिस्टिममध्ये मोबाईल नंबर हाच पासवर्ड होता, म्हणजे शेजाऱ्यालाही रिपोर्ट उघडा. आणि पॅक्सचं पोर्ट सरळ इंटरनेटवर उघडं टाकू देऊ नका, "रिमोट सपोर्टसाठी लागतं" म्हणतील. 2019 मध्ये ग्रीनबोन नावाच्या जर्मन कंपनीनं शोधलं तर जगभरात असे 590 सर्व्हर कुलूप न लावता सापडले, आपल्या देशातलेही होते त्यात. व्हीपीएन (बाहेरून आत यायचा कुलूपबंद रस्ता) मागा. आणि वर्कलिस्ट पहिल्या दिवसापासून चालू करा, रिसेप्शनला आयडी पडला तोच मशीनवर गेला पाहिजे, हातानं टाइप करणं बंद. आमच्या पोरांनी आठवडाभर कुरकुर केली, आता उलट वर्कलिस्ट बंद पडली की ओरडतात.

हो, आणि सर्व्हरच्या खोलीचा एसी मार्चमध्येच सर्व्हिस करून घ्या. सोलापूरचा एप्रिल तुम्हाला मी काय सांगणार.

राहिलं ते तुमच्या जुन्या कंपनीचं "31 मार्चला सर्व्हर उचलून नेऊ" म्हणणं. नेऊ देऊ नका. आधी तो सर्व्हर कुणाच्या पैशानं घेतला त्याचं बिल शोधा. आमच्याकडंही ते भाड्यानं दिलाय म्हणत होते, मालकही मान डोलवत होते, आणि बिल निघालं दिवाळीच्या साफसफाईत यूपीएसच्या बॅटऱ्यांच्या गठ्ठ्यात, सेंटरच्याच नावावर, जीएसटीसकट. त्याची झेरॉक्स मेल केल्यावर तिसऱ्या दिवशी पासवर्ड आला.