आरएक्स-७ साठी कडक इंजिन माउंट निवडताना

आपली तिसऱ्या पिढीची माझदा आरएक्स-७ अजून मूळ माउंटवर (म्हणजे इंजिनाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या रबरी आधारांवर) असेल, तर कडक माउंट घेण्याआधी जुन्यांची अवस्था पाहा. टर्बोच्या उष्णतेने वर्षानुवर्षे भाजलेले रबर तडकते आणि दबते. अशा वेळी नवे, मूळ कडकपणाचे माउंट बसवूनही गाडी कमालीची घट्ट वाटू लागते.

नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे थेट सर्वांत कडक पर्याय उचलणे. रोटरी इंजिनात वरखाली धावणारे पिस्टन नसल्याने कंपन कमी असते हे खरे, पण माउंट कडक केल्यावर उरलेले सर्व कंपन, विशेषतः आयडलवरचे (गाडी उभी असून इंजिन चालू असतानाचे), थेट आसनापर्यंत पोहोचते. रोज चालवायच्या गाडीला थोडे कडक रबर किंवा मऊ प्रतीचे पॉलियुरेथेन (रबरासारखा, पण अधिक कडक कृत्रिम पदार्थ) पुरते. धातूचे अखंड माउंट केवळ शर्यतीच्या गाडीसाठीच ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. या गाडीत गिअरबॉक्स आणि मागचा डिफरेन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा भाग) एका लांब चौकटीने जोडलेले असल्यामुळे इंजिनाची हालचाल मागच्या बुशांवरही (डिफरेन्शियलला धरणाऱ्या रबरी आधारांवरही) अवलंबून असते. ते झिजलेले असतील, तर इंजिन माउंटवरचा खर्च अर्धा वाया जातो.

बसवताना एवढे सांभाळा:

- दोन्ही बाजूंचे माउंट एकदमच बदला.
- जॅक ऑइल पॅनच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या) पातळ पत्र्यावर थेट टेकवू नका.
- इंजिनाचे वजन माउंटवर नीट बसल्यावरच बोल्ट शेवटचे आवळा.